आई बॅगेवर बसली

दुकानदाराने बॅग फरशीवर ठेवली, तिची चारही चाकं गर्रकन फिरवून दाखवली आणि म्हणाला, "काकू, हातात तर धरून बघा, नुसतं फूल आहे." आईने बॅग हातात धरली नाही. तिने ती आडवी पाडली, पदर खोचला आणि सरळ तिच्यावर बसली.

"अहो काकू! अहो, नवीन माल आहे!"

"नवीन आहे म्हणूनच," आई बसल्या बसल्या म्हणाली. "घरी भरताना बसणारच आहे मी. मग आधीच बसून बघितलं तर काय बिघडलं?"

झाकण तिच्या वजनाने दोन बोटं आत गेलं. ती उठली तसं 'पक्' करून वर आलं आणि त्यावर कसली खूणही उरली नाही. दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. मी मात्र आईकडे बघत राहिलो. प्लास्टिक वितळवून साच्यात भरणारी मशीन दुरुस्त करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यासाठी वर्षातले शंभर-सव्वाशे दिवस मी घराबाहेर असतो. आणि बॅगेची ही एवढी सरळ परीक्षा मला तीन बॅगा मोडेपर्यंत सुचली नव्हती.

खरं तर नाशिककराने बॅगेच्या बाबतीत फसूच नये. सातपूरच्या एमआयडीसीत व्हीआयपीचा कारखाना, मुंबईच्या रस्त्याला लागलं की गोंद्याला सॅमसोनाइटचा. देशभरातल्या पलंगांखाली आणि माळ्यांवर पडलेल्या कितीतरी सुटकेस आमच्या गावचं पाणी पिऊन गेलेल्या आहेत. पण गावात गूळ पिकतो म्हणून गावातल्या प्रत्येकाला गूळ पारखता येतोच असं थोडंच आहे?

आमच्याकडची सुटकेस १९८४ सालची. आईबाबांच्या लग्नात आलेली. काळपट चॉकलेटी, अंगावर चामड्यासारख्या बारीक सुरकुत्या, पुढे दोन खटके आणि मध्ये तीन आकड्यांचं कुलूप. मे महिन्यात आजोळी कळवणला जाताना ती भरली जायची. शेवटी झाकण लागायचं नाही, मग आई वर बसायची आणि बाबा खाली वाकून एकेक खटका लावायचे. एसटीच्या टपावर ती गेली, मनमाडच्या फलाटावर बाकडं मोकळं नसलं की आम्ही दोघं भावंडं तिच्यावरच बसून केळी खायचो. आज ती पलंगाखाली आहे. आत घराची कागदपत्रं, जुनी पासबुकं, माझे दहावीपर्यंतचे सगळे निकाल. खटके अजून तसेच वाजतात.

माझी कुठलीही बॅग मोडली की बाबा त्या सुटकेसकडे नुसतं बोट दाखवतात. बोलत काही नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्यावर मी बरीच वर्षं विचार केला आहे. मुद्दा असा की त्या सुटकेसला चाकं नाहीत, त्यामुळे तिची चाकं तुटली नाहीत. ओढायचा दांडा नाही, त्यामुळे तो अडकला नाही. ती विमानात कधी चढली नाही. वर्षातून दोनदा निघायची, तेही बाबांच्या नजरेखाली. आणि परवा काट्यावर ठेवली तर रिकामीच पाच किलोच्या वर भरली. देशातल्या विमानात साध्या तिकिटावर बहुतेक पंधरा किलो सामान नेता येतं, त्यातला तिसरा हिस्सा हिलाच द्यायचा. पूर्वी ते वजन हमालाच्या डोक्यावर असायचं, म्हणून आपल्याला कळत नव्हतं.

बॅगेला चाकं लावायची कल्पना तशी फार जुनी नाही. बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकी माणसाला ती १९७० मध्ये सुचली, १९७२ मध्ये पेटंट मिळालं. त्याची बॅग चार चाकांवर उभी असायची आणि पट्ट्याने ओढायची, शेळीला ओढतात तशी. ती वळणावर लवंडायची. आज आपण जी दोन चाकांवर तिरकी करून ओढतो ती रॉबर्ट प्लाथ नावाच्या वैमानिकाने १९८७ मध्ये बनवली, आधी विमानातल्या सहकाऱ्यांसाठी. आपल्याकडे तोपर्यंत लाल डगला आणि दंडावर पितळी बिल्ला घातलेली माणसं हीच चाकं होती. चाकं आली आणि बॅगेचं ओझं आपल्याकडे आलं. बॅग मोडायलाही तेव्हापासूनच लागली असं माझं मत आहे.

माझी पहिली बॅग वाइन रंगाची होती. आरशासारखी चकचकीत. ती मी रंगावर भाळून घेतली, हे कबूल करायला लाज वाटते, कारण आत कोपऱ्यात 'एबीएस' असं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि एबीएस म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं. लेगोचे ठोकळे ज्याचे बनतात तेच हे. साच्यातून निघाल्यावर त्याच्याइतकं देखणं प्लास्टिक नाही. आकार हट्टाने धरून ठेवतं. पण हट्टी माणसासारखंच, वाकायची वेळ आली की आधी पांढरंफटक पडतं आणि मग फुटतं. एबीएसचा तुकडा दुमडून बघा, घडीवर पांढरी रेघ उमटते. ती रेघ म्हणजे तडा जायची पूर्वसूचना.

जर्मनीहून ट्रेनिंग करून परत येताना विमानतळाच्या पट्ट्यावर बॅग आली, मी उचलली आणि टॅक्सीत टाकली. घरी आल्यावर बाबांनी बोट दाखवलं. खालच्या कोपऱ्याला चाकाच्या वरून वीतभर चीर गेली होती आणि आतला टॉवेल बाहेर डोकावत होता. विमान कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, विमानतळावरून बाहेर पडण्याआधी रिपोर्ट करायला हवा होता. मी गप्प बसलो. नंतर कळलं की आंतरराष्ट्रीय प्रवासाला माँट्रियल करार लागू होतो, भारत त्यात २००९ पासून आहे, आणि त्यात खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार करायला बॅग मिळाल्यापासून सात दिवसांची मुदत आहे. पट्ट्यापाशीच रिपोर्ट केला तर पुरावा पक्का होतो आणि भांडण टळतं, एवढंच. मला हे कळलं तेव्हा आठवा दिवस उजाडला होता.

चीर नेमकी कोपऱ्यालाच का गेली, हे मात्र मला कुणी सांगायची गरज नव्हती. कडक बॅगा दोन तऱ्हांनी बनतात. एकीत प्लास्टिकचा सपाट पत्रा गरम करून मऊ करतात, साच्यावर टाकतात आणि खालून हवा ओढून घेतात. पत्रा साच्याला चिकटतो, पण कोपऱ्यात पोचेपर्यंत ताणला जातो, आणि ताणला की पातळ होतो. मोदकाची पारी करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पारी ओढू तिथे बारीक होते आणि उकडताना तिथेच फुटते. म्हणजे बॅग आपटते कोपऱ्यावर, आणि पत्रा सगळ्यात पातळ असतो तोही कोपऱ्यातच. चांगला कारखाना मुळात जाड पत्रा घेतो, कोपऱ्यांना गोलाई देतो, वरून टोप्या बसवतो. दुसऱ्या तऱ्हेत वितळलेलं प्लास्टिक बंद साच्यात दाबाने भरतात. तिथे कुठे किती जाडी ठेवायची हे साचा बनवणारा ठरवतो. माझ्या मशीन या दुसऱ्या जातीच्या, त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं असणार, ते वाचणाऱ्याने धरून चालावं.

यावर माझा एक उपाय आहे. दुकानात बॅग उघडायची, अस्तराची चेन खोलायची, मोबाइलची बॅटरी लावून आत कोपऱ्यात धरायची आणि बाहेरून बघायचं. फिक्या रंगाच्या बॅगेत पातळ जागा लख्ख उजळून दिसते. दुकानदार तुमच्याकडे कस्टमवाल्याकडे बघावं तसा बघतो, पण बघू दे.

दुसरी बॅग पॉलिकार्बोनेटची घेतली. दंगलीत पोलिस ज्या पारदर्शक ढाली धरतात त्या याच्याच. दगड बसला तरी फुटत नाही, वाकतं आणि परत येतं. थंडीतही त्याचा चिवटपणा जात नाही. महाग होती, पण तिच्यावर माझा जीव होता. त्या जिवाच्या आकांतानेच मी तिला खराब केलं. विमानतळाच्या चिकटपट्ट्यांचा गोंद निघेना म्हणून बायकोचं नेलपॉलिश काढायचं पाणी कापसाला लावून पुसत बसलो. दुसऱ्या दिवशी तिथे केसासारख्या बारीक रेघांचं जाळं. पॉलिकार्बोनेट दगडाला भीत नाही, पण असल्या द्रावणांपुढे मान टाकतं, हे मी दुसऱ्यांना ट्रेनिंगमध्ये शिकवतो. घरी आलं की शिकवलेलं सगळं उंबऱ्याबाहेर राहतं.

तरीही ती चालली असती. तिला मारलं ते २०२० ने. मार्चमध्ये चेन्नईहून आलो, बॅग माळ्यावर गेली आणि जवळजवळ दोन वर्षं, दोन पावसाळे, तिथेच राहिली. पुढे पहिल्याच प्रवासाला निघालो आणि नाशिकरोडच्या पुलावर मागून खरखर आवाज यायला लागला. वळून बघतो तर माझ्यामागे काळ्या भुश्याची रेघ. चाकांवरचं रबर बोटाने चुरलं तर खारीच्या बिस्किटासारखं सुटत होतं. रबर म्हणतो आपण, पण ते बहुतेक वेळा पॉलियुरेथेन असतं आणि दमट हवेतलं पाणी त्याला हळूहळू आतून तोडतं. कपाटात जपून ठेवलेल्या बुटांचे तळवे लग्नाच्या दिवशीच निखळतात, त्याचंही कारण बहुधा हेच. बॅग वापरून झिजते हे सगळ्यांना माहीत असतं. न वापरताही ती मरते, हे मला त्या पुलावर कळलं. तेव्हापासून आमच्या बॅगा पावसाळ्यात माळ्यावर जात नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तर अजिबातच नाही.

भद्रकालीत बॅगा दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. चार फुटांचं दुकान, छताला दांडे, मुठी, चाकं लटकलेली, खाटकाच्या दुकानासारखं दृश्य. त्यांनी बॅग उलटी केली, अस्तराची चेन खोलून आत हात घातला आणि तोंड वाकडं केलं. "रिपीट मारलंय," ते म्हणाले, म्हणजे रिव्हेट ठोकलेला. "स्क्रू असता तर दहा मिनिटांत चाक बदलून दिलं असतं. आता फोडून काढावं लागेल." मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही माहितीपत्रकात सापडलं नव्हतं. त्यांच्याकडे येणाऱ्या बॅगांत डबा, म्हणजे बाहेरचं कवच, फुटलेली क्वचितच असते. येतात त्या चाकासाठी, दांड्यासाठी आणि चेनच्या रनरसाठी. "लोक डब्याला ठोकून बघतात," ते म्हणाले, "आणि डबा तर शेवटी मरतो."

आम्हा प्लास्टिकवाल्यांना ते बोलणं जरा लागलं. पण खरं होतं. माझी तिसरी बॅग याचाच दाखला. घाईत ऑनलाइन घेतलेली, स्वस्त, डबा ठणठणीत. होसूरला बसमधून उतरताना तिचा दांडा वर आला तो परत आत जाईना. तसाच बाहेर काढलेला दांडा घेऊन मी तीन दिवस हिंडलो, आणि परतताना विमानात ती डोक्यावरच्या कप्प्यात मावेना म्हणून खाली सामानात टाकावी लागली.

त्यामुळे चौथ्या वेळी दुकानात गेलो ते चाचांच्या डोळ्यांनी. अस्तर उघडून चाकांचे स्क्रू बघितले. दांडा पूर्ण बाहेर काढून हलवला. तो थोडा हलतो, हलायलाच हवा, अगदी घट्ट बसवला की जरासा वाकला तरी अडकतो. चाकं चार असावीत की दोन, यावर माझं नि बायकोचं एकमत होत नाही. विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर चार चाकांची बॅग बोटाने ढकलली तरी चालते. पण आमच्या गल्लीतले पेव्हिंग ब्लॉक उखडलेले, आणि रेल्वेत ब्रेक लागला की चार चाकांची बॅग डब्यातून एकटीच फिरायला निघते. माझा कौल दोन मोठ्या, अर्ध्या आत बसवलेल्या चाकांना. पण तशी कडक बॅग आता दुकानात शोधून मिळत नाही. शेवटी चार जोडचाकांची घेतली आणि रेल्वेसाठी आसनाखालच्या कडीला अडकवायची साखळी.

चेनवर थोडं अडलो. साध्या चेनच्या दातांत बॉलपेनचं टोक खुपसलं की ती फाकते, हात घालून हवं ते काढता येतं, आणि कुलूप लावलेला रनर एकदा इकडून तिकडे फिरवला की चेन पुन्हा बंद. चोरी झाल्याचं घरी पोचेपर्यंत कळत नाही. मी दुकानातल्याच एका बॅगेवर करून दाखवलं, दुकानदार नाराज झाला. दोन थरांची चेन याला बरीच दाद देत नाही. चेनच नको असेल तर खटक्यांच्या, पत्र्याच्या चौकटीच्या बॅगा अजून मिळतात, पण जड असतात, आणि चौकट एकदा मुरगळली की झाकण जुळत नाही. चेन निदान वाकते तरी. 'टीएसए' लिहिलेल्या कुलपाचं कौतुक मला नाही. ती अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षावाल्यांना त्यांच्या किल्लीने उघडता यावीत म्हणून असतात. त्या किल्ल्यांचा फोटो २०१४ मध्ये एका अमेरिकी वर्तमानपत्रात छापून आला आणि लोकांनी त्यावरून थ्रीडी प्रिंटरवर किल्ल्या काढल्या.

आणि आपल्याकडे बॅग उघडायला लावतात ती वेगळ्याच कारणांनी. गौरीच्या वेळी आईने बंगळुरूच्या बहिणीसाठी खोबऱ्याच्या वाट्या भरल्या होत्या. विमानतळावर मला सामान तपासायच्या मशीनपाशी बोलावून घेतलं. सुकं खोबरं विमानाच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे. तेल एवढं असतं त्यात की ते साठ्यात आपोआप तापू शकतं. वाट्या तिथेच राहिल्या. आईला हे सांगितलं तर तिचा विश्वासच बसला नाही. "खोबरं पेट घेतं? मग आमच्या डब्यात कसं नाही घेतलं इतकी वर्षं?"

तर, आई ज्या बॅगेवर बसली ती पॉलिप्रॉपिलीनची. लग्नाच्या मांडवातली खुर्ची ज्याची असते त्याचं. एखादे जाडजूड काका मागे रेलतात, खुर्चीचे पाय फाकतात, सगळे श्वास रोखतात, आणि काका उठले की खुर्ची पुन्हा सरळ. पाण्यावर तरंगण्याइतकं हे हलकं. शंभर वेळा उघडझाप केलेलं बाटलीचं झाकण पातळ पट्टीवरही तुटत नाही, ते याच्या गुणामुळे. दिसायला ओबडधोबड, चकाकी फारशी धरत नाही, आणि साध्या जातीचं असेल तर गोठणाऱ्या थंडीत ठिसूळ होतं. त्यासाठी त्यात दुसरं काही मिसळतात. याच पॉलिप्रॉपिलीनचे धागे विणून, दाबून केलेल्या बॅगाही येतात, वजनाला थक्क करणाऱ्या, पण किंमत बघून मी हळूच जागेवर ठेवली. बाकी 'एबीएस अधिक पीसी' लिहिलेल्या बॅगांत पीसी, म्हणजे पॉलिकार्बोनेट, किती हे सांगत कुणी नाही. कधी कधी तो नुसता वरचा पातळ थर असतो.

रंग मी राखाडी घेतला. खरखरीत. ओरखडे पडतात पण दिसत नाहीत. गोंद निघत नसेल तर खोबरेल तेल लावतो, एवढा शहाणा आता झालो आहे.

दोन महिन्यांत तिने सात प्रवास केले. एप्रिलमध्ये दिल्लीहून आली ती बरगडीत मार खाऊनच. झाकणावर वाटी ठेवावी एवढा पोचा. बाबांनी चष्मा वर करून बघितलं आणि त्यांचं बोट पलंगाकडे वळायच्या आत मी बॅग उचलून गच्चीवर नेली. आईने तिथे उडदाचे पापड घातले होते. मी बॅग उघडून झाकण उन्हाकडे करून ठेवली आणि जिन्याच्या सावलीत बसलो. तासाभराने हात लावला तर चटका बसला. मग आतून पोच्यावर तळहात ठेवला आणि जोर दिला.

'टक्' असा आवाज झाला.

"काय फुटलं रे?" पापड उलटता उलटता आईने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "बरोबर झालं."

"मग ती जरा तिकडे सरकव. पापडावर सावली येतेय."